पहिलं नाटक महोत्सवाला पाठवताय? कोकणातल्या नव्या नाटककारांसाठी पायरीपायरीने

आपल्या किनाऱ्यावर नाटक बघणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, मालवण, कुठेही जा, तिसरी घंटा झाली की खुर्च्या भरलेल्या असतात. नवं लिहिणारी मुलंमुलीही भरपूर आहेत. घोडं अडतं ते मधल्या वाटेवर. वहीतलं नाटक महोत्सवाच्या रंगमंचापर्यंत न्यायचं कसं, हे कोणी बसवून सांगत नाही. मी आधी लेखक म्हणून या वाटेने गेले आणि आता निवडीसाठी आलेल्या संहिता वाचायलाही बसते. चांगलं लिहिलेलं नाटक किरकोळ कारणाने बाजूला पडताना पाहिलं की जीव तुटतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलं आहे.

शहराच्या वार्षिक कलामहोत्सवात नवोदित लेखकांच्या नव्या नाटकांसाठी जो विभाग असतो, तो डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. एकांकिका असो की दोन अंकी नाटक, पायऱ्या बहुतेक त्याच.

१. प्रवेशिका भरण्याआधी नियमावली पूर्ण वाचा

पहिली गोष्ट, अर्ज कोणी करायचा आहे ते बघा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा किंवा कणकवलीची नाथ पै एकांकिका स्पर्धा घ्या. तिथे संस्था उतरते, बसवलेलं नाटक घेऊन. नव्या लेखकांच्या महोत्सवात मात्र बऱ्याचदा आधी नुसती संहिता मागवतात, निवड झाल्यावर दिग्दर्शक आणि संच, म्हणजे नट-तंत्रज्ञ, ठरतो. दोन्हींची तयारी वेगळी. संच जमत नाही म्हणून संहिताच न पाठवणारे लेखक मला दर वर्षी भेटतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना संच लागणारच नसतो.

दुसरी गोष्ट, ‘नवं’ म्हणजे काय. कॉलेजच्या गॅदरिंगला केलेला प्रयोग चालतो का? वाडीतल्या उत्सवात झालेला? दिवाळी अंकात छापून आलेली संहिता? तालमीचा व्हिडिओ कोणी यूट्यूबवर टाकला असेल तर? प्रत्येक आयोजकाची व्याख्या निराळी असते. शंका असेल तर फोनवर विचारून गप्प बसू नका. ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. निवड झाल्यावर कोणी हरकत घेतली तर तोच कागद कामाला येतो.

‘नवोदित’चंही तसंच. कुठे वयाची अट असते, कुठे आधी किती नाटकं रंगमंचावर आली याची. त्यात बसत नसाल तर वय लपवू नका, दुसरा महोत्सव शोधा.

२. वेळापत्रक कोकणाच्या वर्षाप्रमाणे लावा

मुंबई-पुण्याच्या संस्थांचं वेळापत्रक आपल्याकडे चालत नाही. आपले नट दिवसभर दुसरं काही तरी करत असतात. आंब्याचा मोहर धरला की बागायतदार फवारणीत आणि राखणीत अडकतो, तो मे संपेपर्यंत सुटत नाही. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा खलाशी मंडळी घरी असतात. पण नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या पाण्यात गेल्या की त्यांच्या तालमीचं काही खरं नाही. सिंधुदुर्गात कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात आणि दशावतारात काम करणारे रोज रात्री वेगळ्या गावात असतात. रत्नागिरीकडे शिमगा आला की नमनखेळे. गणपतीत तर कोणालाच बोलावू नका.

म्हणून संहितेचं पहिलं वाचन जून-जुलैत ठेवा. बाहेर पाऊस, माणसं घरात, एखाद्या शाळेची खोली सहज मिळते. ऑगस्टपर्यंत दुरुस्त्या संपवा. महोत्सव साधारण थंडीत असतात, त्यामुळे गणपतीनंतर तालमी धरल्या तर हातात पुरेसा वेळ राहतो. चाकरमान्यांपैकी कोणाला भूमिका द्यायची असेल तर तो किती वेळा गावी येऊ शकेल ते आधीच स्पष्ट विचारा.

३. संहिता पाठवण्याआधी दुसऱ्यांच्या तोंडून ऐका

ही पायरी कृपा करून गाळू नका. स्वतः वाचून दाखवणं वेगळं. लेखक वाचतो तेव्हा तो सगळे खड्डे आवाजाने भरून काढतो. चार-पाच माणसांना पात्रं वाटून द्या, एकाला रंगसूचना वाचायला सांगा आणि तुम्ही मागे पेन्सिल घेऊन बसा. मधे बोलायचं नाही, समजावून सांगायचं नाही. वाचणारा जिथे अडखळतो तिथे रेघ मारा. ऐकणारा खुर्चीत हलतो तिथेही. वाचन संपलं की ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ‘गोष्ट काय होती ती मला सांगा’ म्हणा. त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि तुमच्या मनातली गोष्ट यांत जिथे फरक पडतो, काम तिथेच करायचं आहे.

घड्याळ लावून वाचा. पानांवरून वेळेचा अंदाज काढू नका. दोन-दोन शब्दांची उलटसुलट बोलणी असलेलं पान भर्रकन जातं आणि एकच स्वगत असलेलं पान जड होतं. शिवाय रंगमंचावर हालचाली, संगीत, काळोख यांचा वेळ वर लागतो. नियमात पन्नास मिनिटं असतील तर वाचन चाळीस-बेचाळीसच्या आत संपलं पाहिजे.

याच वाचनात रंगसूचना तपासून घ्या. नव्या संहितांमध्ये मला हमखास असं काही तरी सापडतं:

(समुद्र खवळलेला. लांबवर होडी बुडताना दिसते. किनाऱ्यावर सगळा गाव गोळा झालेला.)

हे कागदावर लिहिता येतं. महोत्सवात आठ नट आणि दोन लेव्हल (रंगमंचावर ठेवायचे उंच चौथरे) घेऊन ते दाखवायचं कसं? तोच प्रसंग असा लिहून बघा:

(आत माणसांचा गलका. रखमा तांदूळ निवडता निवडता उठते, सूप हातात तसंच. दारापाशी येते. गलका एकदम थांबतो.)
रखमा : किती जण परत इले?

होडी दिसली नाही तरी बुडाली. निवड करणाऱ्याला इथे कळतं की या लेखकाला रंगमंच कळतो. आणखी एक सांगते, निवड समितीसमोर संहितांचा ढीग असतो. पहिल्या आठ-दहा पानांत कोणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय हे कळलं नाही, तर पुढच्या पानांवर वाचणाऱ्याचं मन लागणं कठीण होतं. पहिली पाच पानं नुसती घराची आणि नात्यांची ओळख करून देण्यात घालवू नका.

४. बोली : कोणती, किती आणि कोणासाठी

मालवणीत लिहू का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. लिहा, जरूर लिहा. पण आधी ठरवा की तुमचं पात्र नेमकं कुठलं आहे. मालवणचं बोलणं आणि सावंतवाडीचं बोलणं कानाला वेगळं लागतं. संगमेश्वरकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी, बंदरांवरच्या मुसलमान कोळ्यांची दालदी, ब्राह्मण घरांतली चित्पावनी, ही सगळी या एकाच किनाऱ्याची भाषा आहे. सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच सरमिसळ बोली घातली की आपल्या प्रेक्षकाला ते पहिल्या वाक्यात कळतं.

‘कित्याक इलंस? तुका कोणी बोलवल्यान?’ हे वाक्य पुण्याहून आलेल्या परीक्षकालाही समजतं, कारण समोर कोण उभं आहे आणि त्याचा चेहरा कसा पडला आहे ते त्याला दिसत असतं. त्यामुळे संवादाच्या शेजारी प्रमाण मराठीत अर्थ देत बसू नका. वाचण्याची लय तुटते. रंगसूचना मात्र प्रमाण मराठीतच ठेवा, दिग्दर्शक कुठलाही असू शकतो. फारच अनोळखी शब्द असतील तर शेवटच्या पानावर त्यांची छोटी यादी जोडा.

एक विनंती आहे. बोली फक्त गडीमाणसांच्या तोंडी आणि फक्त हशासाठी ठेवू नका. मालवणीत लोक जमिनीचे दावे लढतात, बाळंतपणं करतात, मयताला खांदा देतात. ते सगळं त्याच भाषेत रंगमंचावर यायला हवं, आणि ते तुमच्यासारख्या नव्या लेखकांकडूनच येईल.

५. फाईल : इथे सगळ्यात जास्त संहिता बाद होतात

- डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेत असाल तर युनिकोड फॉन्टच हवा असं आधी सांगा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, अक्षर लागत नाही.
- पीडीएफ करून पाठवा, पण मूळ वर्ड फाईलही जवळ ठेवा. पीडीएफ झाल्यावर ‘किनाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘ॲक्शन’ असे शब्द शोधून बघा. तुटतात ते हेच.
- प्रत्येक पानाला क्रमांक. पात्राचं नाव प्रत्येक संवादाआधी, आणि शेवटपर्यंत तेच. सुरुवातीला ‘बाबल्या’ आणि पुढे ‘बाबू’ असं झालं की वाचणारा पात्रं मोजत बसतो.
- पहिल्या पानावर पात्रांची यादी द्या : वय, नातं, एका ओळीत काम. स्वभावाचं वर्णन नको, तो संवादांतून दिसू दे.
- नाव झाकून वाचन असेल तर तुमचं नाव संहितेत कुठेही नको. फाईलच्या नावातही नको, पानाच्या डोक्यावरही नको. अर्पणपत्रिकाही काढा, तिच्यावरून लेखक ओळखू येतो.
- शेवटच्या रात्री पाठवू नका. पावसात वीज जाते, नेटवर्क जातं, आणि आयोजकाला ते पटवून देण्यात अर्थ नसतो.

६. हक्क कागदावर ठेवा

आपल्याकडे नाटक ओळखीपाळखीवर चालतं. ‘अरे, घरचाच आहे, कागद कशाला’ असं म्हणतात. कागद घरच्यांसाठीच करायचा असतो, म्हणजे पुढे नातं टिकतं.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ सालचा आहे. त्यानुसार नाटक लिहून झालं की हक्क आपोआप तुमचा होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. प्रताधिकार कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. नाट्यसंहितेसाठी शुल्क ५०० रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे महोत्सवाच्या तोंडावर हे काम काढू नका.

महोत्सवाच्या अर्जावर सही करताना एक वाक्य शोधा : तुम्ही त्यांना प्रयोगाची परवानगी देताय की हक्कच लिहून देताय? पहिलं ठीक आहे. दुसरं असेल तर थांबा आणि विचारा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर सगळा भारत धरला जातो. म्हणून सरळ लिहा : ‘या महोत्सवातील अमुक प्रयोगापुरती परवानगी. चित्रीकरण, प्रकाशन, भाषांतर आणि पुढील प्रयोगांचे हक्क लेखकाकडे.’ बहुतेक आयोजक याला खळखळ करत नाहीत.

दिग्दर्शकाबरोबरही एक पान करा. संहितेत बदल कोण करणार, कोणाला विचारून करणार, आणि नाव कोणाचं कसं लागणार. तालमीत सुचलेले संवाद नाटकात राहिले तर ते सहलेखन होतं का, हेही तेव्हाच बोलून घ्या. विषय नाजूक आहे, पण तालमीआधी तो दहा मिनिटांत सुटतो.

आणखी एक बाब कोकणात विशेष लक्षात ठेवा. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर कायद्याने तो हक्कभंग ठरत नाही. म्हणजे तुमचं नाटक एखाद्या वाडीने उत्सवात फुकट केलं तर तुम्ही अडवू शकत नाही. पण लेखक म्हणून तुमचं नाव लावा असं हक्काने सांगू शकता, तेवढं सांगाच. आणि लक्षात घ्या, संहिता व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली की असा प्रयोग कधीही होऊ शकतो, मग ‘अप्रयोगित’ची, म्हणजे आधी प्रयोग झालेला नसावा ही, अट मोडते. महोत्सव होईपर्यंत पूर्ण संहिता ग्रुपवर टाकू नका.

कादंबरी किंवा कथेवरून नाटक केलं असेल तर मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी अर्जासोबतच हवी. ‘मिळेल’ चालत नाही.

७. सेन्सॉर

नाटकवाले ज्याला सेन्सॉर म्हणतात ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता या मंडळाकडून संमत करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मंडळ मुंबईत आहे. अर्जासोबत संहितेच्या प्रती आणि लेखकाचं संमतिपत्र लागतं. निवडीचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. तालमीत संहिता पक्की होऊ दे मग पाठवू, असं म्हणत राहिलात तर प्रमाणपत्र प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत येत नाही आणि सगळा संच अधांतरी राहतो.

सापळा हा की प्रमाणपत्र त्या नावाला आणि त्या मजकुराला मिळतं. मागाहून नाटकाचं नाव बदललंत किंवा अख्खा प्रवेश नव्याने घातलात तर परत विचारावं लागतं. म्हणून नाव आधी पक्कं करा.

८. महोत्सवाचा रंगमंच तुमच्या एकट्याचा नसतो

रत्नागिरीचं स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह, जिथे प्रयोग असेल ते नाट्यगृह आधी स्वतः जाऊन बघा. दिग्दर्शक जाईलच, तरी लेखकाने जावं. रंगमंचाची रुंदी पावलांनी मोजा, विंगेत किती माणसं उभी राहतात ते बघा, शेवटच्या रांगेत बसून कुजबुजत्या आवाजातला संवाद ऐकू येतो का ते कोणाला तरी बोलायला लावून तपासा. येत नसेल तर तो प्रवेश वेगळा लिहायला हवा, आणि ते काम लेखकाचंच आहे.

महोत्सवात एकामागून एक नाटकं असतात. नेपथ्य लावायला आणि काढायला मोजका वेळ मिळतो. दिवाणखाना, पडवी आणि खळं अशी तीन स्थळं लिहिली असतील तर दोन लेव्हल, एक बाकडं आणि प्रकाश यांवर भागतं का बघा. फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) लागणारच असतील तर ते किनाऱ्याच्या दमट हवेत उघड्यावर ठेवू नका, प्लाय वाकतो आणि ऐन वेळी सांधे जुळत नाहीत.

संगीताला सिनेमाची गाणी वापरण्याचा मोह टाळा. तिकीट असलेल्या प्रयोगाला त्याची परवानगी काढावी लागते. गावातला पखवाज, चकवा, झांज वाजवणारा माणूस तुमच्या नाटकाला जास्त शोभेल. प्रयोग उघड्या मैदानावर असेल तर ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. आधीची नाटकं लांबली तर तुमचा शेवट त्यात अडकतो, म्हणून क्रम ठरवताना शेवटची वेळ मागून घेऊ नका.

रंगीत तालीम पूर्ण वेषात, पूर्ण क्यूंसह (प्रकाश-संगीत कधी सुरू-बंद करायचं त्या खुणांसह), न थांबता करा. प्रकाश आणि संगीताच्या क्यूंची यादी संहितेच्या पान क्रमांकासह दोन प्रतींत काढा. एक प्रकाशवाल्याकडे, एक ध्वनीवाल्याकडे. महोत्सवातले तंत्रज्ञ तुमचं नाटक पहिल्यांदाच बघत असतात.

९. जवळ ठेवायचे कागद आणि वस्तू

एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, पावसापासून जपून :

- संहितेच्या छापील प्रती आणि पेन ड्राइव्हवर पीडीएफ
- प्रवेश अर्जाची पोच, शुल्काची पावती, निवडीचं पत्र
- ओळखपत्र, आणि वयाची अट असेल तर जन्मतारखेचा पुरावा
- नाटक स्वतंत्र, अप्रकाशित आणि अप्रयोगित असल्याचं सहीचं पत्र
- रूपांतर असेल तर मूळ लेखकाची परवानगी
- दिग्दर्शकाशी झालेल्या कराराची प्रत
- परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र
- कलाकार-तंत्रज्ञांची यादी, नावांचं शुद्धलेखन प्रत्येकाकडून तपासून
- क्यूंची यादी, सेलोटेप, सुईदोरा, टॉर्च, दोन जादा बॅटऱ्या

नावांच्या शुद्धलेखनाचं खास सांगते. पत्रिकेत नाव चुकलेल्या बॅकस्टेजच्या मुलाला ते वर्षानुवर्षं लागून राहतं.

१०. प्रयोग झाल्यावर

बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांशी बोलायची संधी असेल तर वही घेऊन बसा. संहितेबद्दल काय म्हणाले आणि प्रयोगाबद्दल काय, हे दोन वेगळ्या पानांवर लिहा. त्या दिवशी कोणालाही उत्तर देऊ नका. आठवडाभराने परत वाचा, मग ठरवा काय घ्यायचं.

महोत्सवाने चित्रीकरण केलं असेल तर तुमची प्रत लगेच मागून घ्या, नंतर ती सापडत नाही. ते चित्रीकरण कुठे दाखवलं जाणार हे लेखी विचारा. दुसऱ्या संस्थेने नाटक मागितलं तर प्रयोगामागे मानधन किती, ते तुम्हीच आधी सांगा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ठरलेली असू दे. आणि प्रयोगात जे संवाद बदलले, गाळले, नव्याने आले, ते त्याच महिन्यात संहितेत उतरवून तारीख टाका, कारण पुढचा दिग्दर्शक आणि पुढे पुस्तक काढणारा प्रकाशक याच प्रतीवरून काम करणार आहे.